चैत्रात वाहणारं पावसाळी गटार

नगर परिषदेत कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या टेबलावर आलेली पहिली फाइल रस्त्याची नव्हती, पुलाची नव्हती, गटाराची होती. घरी सांगायचीसुद्धा लाज वाटली. आईने फोनवर विचारलं, "काम कसला दिलानी गो?" मी म्हटलं, "पाण्याचा." तिला वाटलं नळयोजना. तिने शेजारणीला तसं सांगूनही टाकलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

आमचं शहर डोंगरउतारावरून खाडीपर्यंत पसरलेलं आहे. वर पडलेलं पावसाचं पाणी तीन मोठ्या गटारांतून बाजारपेठेच्या पोटातून खाली येतं आणि खाडीला मिळतं. हे पाणी खाडीत सोडायचं तर प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडचं संमतीपत्र कधीच संपलं होतं आणि ते संपल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मंडळाची नोटीस आली तेव्हा कपाटं उघडली गेली. जुन्या सल्लागाराने करून दिलेला अर्जाचा नमुना सापडला. त्यात तारखा बदलून तो माझ्यासमोर ठेवण्यात आला.

शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्र होतं. "सदर गटारांतून केवळ पावसाचे पाणी वाहते. त्यांत सांडपाण्याचा कोणताही प्रवाह मिसळत नाही." खाली अभियंत्याच्या सहीची जागा.

मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "बघून घ्या आणि सही करून आणा. आठवडा आहे हातात."

त्यांना कागद बघून घ्या असं म्हणायचं होतं. मी नवीन होते. मला वाटलं, गटार बघून घ्यायचं.

सफाई विभागाच्या मुकादमांना मी सोबत यायला सांगितलं. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस, कायम अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट आणि पायात रबरी बूट. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी ऑफिसातल्या मराठीत बोलले. ते नुसतं "होय मॅडम, नाय मॅडम" करत राहिले. मग रस्ता ओलांडताना एक स्कूटरवाला अगदी अंगावरून गेला आणि माझ्या तोंडून आमच्या धामापुरातली अस्सल शिवी निघाली. मुकादम थांबले. "बाईनू, तुमी हयच्याच?" त्या दिवसापासून आम्ही माणसांसारखं बोलायला लागलो.

चैत्र संपत आला होता. महिनोन् महिने आभाळात ढग नव्हता. बाजारामागच्या गटाराची लादी मुकादमांनी पहारीने बाजूला केली आणि आम्ही दोघं वाकलो. तळातून हातभर रुंद पाणी चाललं होतं, राखाडी, वर साबणाचा फेस.

"ह्या काय?" मी विचारलं.

मुकादम अजिबात हसले नाहीत. "पावसाचा पाणी, बाईनू. कागदार तसाच लिवलेला आसा ना? चैतातलो पाऊस हो."

आम्ही पाण्याबरोबर चालत खाली खाडीपर्यंत गेलो. ओहोटी लागली होती. गटाराच्या तोंडापासून थोड्या अंतरावर, गुडघाभर चिखलात, एक म्हातारी कोयतीने खडकावरची कालवं सोडवत होती. लुगडं वर खोचलेलं, कमरेला टोपली. गटाराच्या तोंडापाशीही खडक होते आणि त्यांवर कालवं दिसत होती, पण ती तिकडे वळतसुद्धा नव्हती.

मी ओरडून विचारलं, "आजी, हयची कित्याक काडनास नाय?"

तिने मान वर करून मला नीट न्याहाळलं. "तू खंयची गो चेडवा?"

"धामापूरची."

"मगे तुका मी काय सांगाचा? तुमच्याकडे व्हाळाच्या वरसून कोणी गुरां धुतल्यान तर खालचे गप ऱ्हवतत?" तिने कोयतीनेच गटाराकडे खूण केली. "हयची कालवां खाल्ली की प्वाट धरता. माझ्या सुनेचा एकदा धरलेला. तेवापासून मी ह्या बाजूक हात लावनय नाय. आनी रोज सारख्या नसता ता. बुधवार, बेस्तरवार बरां. शेनवार-आयतवार बग, काळा येता. सकाळी नवाक फेस, दुपारी तेलाचो तवंग."

ते मी वहीत लिहून घेतलं. शनिवार-रविवार म्हणजे पर्यटक. नऊ वाजता आंघोळी आणि धुणी. दुपारी जेवणावळी. त्या बाईने एकही यंत्र न लावता सगळ्या आठवड्याचं मोजमाप करून ठेवलं होतं, आणि आजवर तिला ते विचारायला कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. 

"सर, ह्या कागदावर मी सही करू शकत नाही."

"का?"

"गटारात पाणी आहे."

"गटारात पाणी असणारच."

"सर, एप्रिल आहे."

ते खुर्चीत मागे टेकले. साहेब वाईट माणूस नव्हते. घाटावरून बदलून आलेले, कामाला चोख, मात्र नोटिशीला घाबरणारे. म्हणाले, "अहो, सगळीकडे हेच वाक्य असतं. ठरलेला मजकूर आहे तो."

"असेल सर. पण मी काल ते पाणी डोळ्यांनी बघितलं. बघितलं नसतं तर कदाचित केली असती सही."

 मग त्यांनी विचारलं, "मग काय करायचं म्हणता?"

मी रात्रभर विचार करून ठेवलेलं एका दमात सांगितलं. कुठून कुठून पाणी येतं ते शोधायचं. जे सापडेल ते खरंखरं अर्जात लिहायचं. कुठली जोडणी कधीपर्यंत बंद करणार ते लिहायचं. आणि तोवर मंडळाकडून मुदत मागायची.

"आपणच आपल्या चुकांची यादी करून द्यायची?"

"होय सर."

त्यांनी मुदतवाढीचं पत्र त्याच दुपारी पाठवलं.  पत्राची प्रत शिपायाकडून माझ्या टेबलावर आली.

मग सुरू झाली आमची पायपीट. वर्षानुवर्षं कुणीकुणी रस्त्याखालून नळ्या टाकलेल्या, त्यांचे नकाशे कुठेच नव्हते. होते ते मुकादमांच्या डोक्यात. "हय एक जोडलेली आसा, वर फरशी घातल्यानी. थंय खानावळीची आसा, ती दोन वर्सांमागे लांबवल्यानी." पण डोक्यातलं अर्जात चालत नाही, त्याला पुरावा लागतो. ती अडचण मी बोलून दाखवली, तर दुसऱ्या दिवशी मुकादम एक पिशवी घेऊन आले. शिमग्यात उरलेला रंग! हिरवा, पिवळा, गुलाबी.

युक्ती साधी होती. घरमालकाची परवानगी घेऊन मोरीत किंवा संडासात रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओतायचं. मुकादमांचा एक माणूस खाली गटाराची लादी उघडून बसलेला. रंग दिसला की तो फोन करायचा. काही ठिकाणी मिनिटभरात फोन वाजे. एका लॉजवर आम्ही रंग ओतून अर्धा तास थांबलो, काहीच दिसलं नाही. मालक खूश. तेवढ्यात मुकादम म्हणाले, "तुमचा पाणी दुसऱ्या गटारात जाता. थंय बगूक होया." आणि खरोखर दुसऱ्या गटारात गुलाबी धार चालली होती. मालकाने आम्हा दोघांना सोलकढी पाजली आणि त्याच आठवड्यात शोषखड्ड्यासाठी माणूस बोलावला. सगळेच असे नव्हते. एका खानावळवाल्याने आम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. एका घरातल्या बाईंनी, "संडासात रंग टाकूक नगरपालिकेन पदवीधर ठेवल्यान" असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मला तेव्हा रडू आलं होतं. मुकादमांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

दोन गटारांचा हिशोब लागला. तिसरं, बाजारामागचं, काही केल्या जुळेना. त्याला जोडलेली प्रत्येक नळी आम्ही शोधली होती, तरी एका जागी पाणी अचानक वाढत होतं आणि वासही वेगळा येत होता. ती जागा कुठे होती? आमच्या कार्यालयाच्या बरोब्बर मागे.

मुकादमांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. आम्ही आत गेलो. मी तळमजल्यावरच्या संडासात हिरवा रंग ओतला आणि साखळी ओढली. मागच्या दाराने बाहेर येऊन गटारावर उभी राहिले. मुकादमांनी लादी सरकवली. थोड्याच वेळात हिरवंगार पाणी आमच्या पायाखालून खाडीकडे गेलं.

कार्यालयाची मैलाटाकी कधीतरी भरून वाहायला लागली असणार. दुरुस्त करण्याऐवजी कुणीतरी टाकीत जाणारी नळीच गटाराला जोडून दिली असणार. कुणी, केव्हा, हे कळायला मार्ग नव्हता.

मुकादम हळूच म्हणाले, "बाईनू, ह्या पन लिवतलास?"

"ह्या नाय लिवला तर लोकांका काय तोंड दाखवतलंव?"

ते लादी जागेवर बसवायला लागले. खाली बघतच म्हणाले, "लिवा. मी बगलंय म्हणान माजा पन नाव घाला."

साहेबांना मी कागद दाखवला नाही. त्यांना मागच्या दाराशी येण्याची विनंती केली आणि पुन्हा एकदा रंग ओतला. ते इस्त्रीच्या पँटची टोकं वर धरून गटाराच्या काठावर उभे राहिले. हिरवं पाणी आलं, गेलं. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता ओरडणार.

"किती वर्षं मी ह्या इमारतीत बसतोय," एवढंच ते म्हणाले. मग वळून आत जाताना थांबले. "यादीत हे कितव्या नंबरला आहे?"

"शेवटी सापडलं सर, म्हणून शेवटी आहे."

"पहिल्या नंबरावर घ्या. आणि पहिलं काम ह्याचंच."

त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते आजही तसंच आहे. चूक झाकणं त्यांच्या एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द त्यांनी उच्चारला नाही.

कार्यालयामागे नवी मैलाटाकी आणि शोषखड्डा झाला. काम उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं चाललं होतं. त्याचा उपयोग मला लगेच कळला. उंबऱ्यावरून परत पाठवणारा तो खानावळवाला आमची नोटीस मिळाल्यावर एक दिवस तावातावाने ऑफिसात आला. "आमका नोटिसा धाडतास, आदी तुमचा काय ता बगा!"

मी उठले. "बगलंव. चला, दाखवतंय."

त्याला मागे घेऊन गेले. गवंडी जांभ्याचे चिरे रचत होता. खानावळवाला कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गवंड्याला विचारलं, "हयचा झाल्यार माझ्याकडे येशीत?"

अर्ज गेला तो जुन्या अर्जाच्या तिप्पट जाडीचा होता. ठरलेलं वाक्य मी खोडलं आणि लिहिलं की गटारांत सांडपाणी मिसळत असल्याचं पाहणीत आढळलं आहे, सोबत जोडण्यांची यादी, रंगचाचणीचे फोटो आणि प्रत्येक जोडणी बंद करण्याची तारीख. 'पाहणी करणारे' या मथळ्याखाली दोन नावं होती. एक माझं, एक मुकादमांचं, हुद्द्यासकट. मंडळाच्या कार्यालयातून एका अधिकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, हे सगळं चुकून जोडलंत का?"

"नाही सर, मुद्दाम जोडलंय."

 मग ते म्हणाले, "इतकं खरं लिहिलेला अर्ज कसा तपासायचा, ते आम्हालाच बघावं लागेल."

त्यांनी अटींसकट तात्पुरती संमती दिली. यादीतल्या जोडण्या पुढच्या हंगामाआधी बंद करायच्या, पावसाळ्यात पाण्याचे नमुने तपासायला द्यायचे, आणि कोरड्या दिवसांत ते स्वतः येऊन बघणार. आम्ही पावसाळाभर नमुने भरले. छत्री उलटी होत असताना बाटली धरायची, वर वेळ आणि जागा लिहायची, शाई पुसली की पुन्हा लिहायची. पहिल्या नमुन्याच्या वेळी मी गटारात घसरून कमरेपर्यंत भिजले. मुकादमांनी मला ओढून काढलं आणि आधी बाटली शाबूत आहे का ते बघितलं.

ते अधिकारी आले जानेवारीत, ऐन हंगामात. त्यात रविवार. मुद्दाम रविवार निवडला होता हे उघड होतं. शहर पर्यटकांनी फुललेलं, लॉज भरलेले, खानावळींबाहेर रांगा.  जोडण्या आम्ही बंद केल्या होत्या, पण कुणी गुपचूप परत जोडली असेल तर?

आम्ही पहिल्या गटाराच्या तोंडाशी गेलो. कोरडं. दुसऱ्याच्या तोंडाशी गेलो. तळाला वाळकी पानं आणि एक रिकामं शहाळं. अधिकाऱ्यांनी पिशवीतून बाटल्या काढल्या होत्या, त्या तशाच हातात राहिल्या.

"नमुना कशाचा घेऊ?" ते म्हणाले. "पाणीच नाही."

तिसऱ्या गटारात मात्र बारीकशी धार होती.  अधिकारी वाकले, बाटली भरली, उन्हात धरली. पाणी नितळ होतं. मुकादम पुढे झाले. "सायबानू, ह्यो झरो आसा. जांभ्यातसून पाझारता, शिमग्यापर्यंत चलता. चला, वर दाखवतंय." आणि ते अधिकाऱ्यांना उन्हातून चढ चढवत, उतारावरच्या त्या ओल्या कातळापर्यंत घेऊन गेले. बाटली तरी तपासायला गेलीच, ते बरोबरही होतं. अहवाल चांगला आला.

पाहणीच्या टिपणात अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं: "गटार क्र. १ व २ मध्ये कोणताही प्रवाह आढळला नाही." एवढं साधं वाक्य. सरकारी कागदावर, सरकारी मराठीत. मी ते टेबलाशी बसून किती वेळा वाचलं ते सांगत नाही. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि सांगितलं की माझं काम नळयोजनेचं नाही, गटाराचं आहे. ती म्हणाली, "माका कधीचा म्हायत आसा. तुझ्या बापाशीन बाजारात ऐकल्यान. तो सगळ्यांका सांगत फिरता."

पूर्ण मुदतीचं संमतीपत्र त्यानंतर आलं. ते साहेबांच्या नावाने आलं होतं आणि तसंच असायला हवं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मासळीबाजाराचं धुवण अजून पावसाळ्यात थोडं गटारात उतरतं. ते वेगळं काढायचं काम अर्धं झालंय, आणि ती गोष्टही आम्ही दरवर्षी अहवालात लिहितो. गटाराच्या तोंडाशी कालवं काढायला त्या आजी पहिलं वर्ष आल्या नाहीत. "तुमचा कागद झालो, कालवांक खंय म्हायत?" असं म्हणाल्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची सून मला तिथे दिसली, चिखलात वाकलेली. मी खाडीवरच्या पुलावरून जात होते, हाक मारली नाही, नुसती बघत राहिले.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या लहान शहरांच्या अभियंत्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. पावसाळी पाण्याच्या संमतीसाठी अर्ज कसा करावा, हा विषय, आणि बोलायला मला बोलावलं होतं. मी मुकादमांना सोबत नेलं. ते नवा शर्ट घालून आले, पण बूट तेच. माझं बोलून झालं आणि मी त्यांना उभं केलं. त्यांनी अर्धा तास, कागदाशिवाय, मालवणीतच सांगितलं. चोरून टाकलेली नळी कशी ओळखायची, फरशीचा रंग कुठे बदलतो, कुठल्या घराच्या मागे गवत भर उन्हाळ्यात हिरवं राहतं. आधी मागच्या रांगेत कुजबुज होती. मग वह्या उघडल्या गेल्या.

शेवटी एक तरुण अभियंता उठला. म्हणाला, "आमच्याकडेही मुकादम आहेत, पण ते असं काही कधी सांगत नाहीत."

मुकादमांनी त्याच्याकडे अगदी प्रेमाने बघितलं. "सायबानू, तुमी इचारलास कधी?"

सगळं सभागृह हसलं, तोही हसला. मी शेवटच्या खुर्चीवर बसले होते. चार वर्षांच्या नोकरीत मी बांधलेलं असं दाखवायला माझ्याकडे काही नाही, ना पूल, ना इमारत. पण त्या दुपारी अख्खं सभागृह वह्या उघडून ज्या माणसाचं ऐकत होतं त्याच्याबरोबर मी उन्हातान्हात गटारांवरून चालले होते, आणि माझी मान ताठ झाली होती. पुढच्याच आठवड्यात त्या तरुण अभियंत्याचा फोन आला. त्यांच्या गटारातही उन्हाळ्यात पाणी आहे म्हणाला, आणि आमचे मुकादम दोन दिवसांसाठी मिळतील का, असं विचारत होता.